शेणैमामाची सनद

आमच्या कोकणी बोलीत शाळामास्तराला एक जुना शब्द आहे: शेणैमाम. नव्या पिढीच्या कानावर तो क्वचितच पडत असेल. 'माम' म्हणजे मामा, हे उघड आहे. 'शेणै' हा मूळचा जातिवाचक शब्द. परंतु लिहिता-वाचता येणारा, जमाखर्च जाणणारा, चार मुलांना ओनामा घालून देणारा अशा अर्थाने तो रूढ झाला. शिकविणाऱ्याला आपल्या नात्यात ओढून घेतल्यावाचून ज्या समाजाला चैन पडले नाही, त्या समाजाने हा शब्द घडविला आहे. त्या मामाला शिकविण्याचा अधिकार कोणी दिला होता, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही. आज तोच प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. पेडणे आणि डिचोली ह्या आमच्या दोन उत्तरेकडील महालांत शिक्षकाचा अधिकार गावाच्या हातून कागदाच्या हाती कसा गेला, आणि त्यात काय साधले व काय निसटले, ह्याचा थोडा मागोवा घ्यावा असा आमचा विचार आहे.

हे दोन महाल नव्या काबिजादीतले. डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास पोर्तुगीजांच्या हाती गेली. पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७८८ च्या तहाने कायमचे गेले. ह्या तारखा वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात, कारण त्यांच्यामुळेच येथील शाळेचा इतिहास तिसवाडी, बारदेश आणि साष्टी ह्या जुन्या काबिजादींच्या इतिहासाहून निराळा झाला. देशी बोली तीन वर्षांत टाकून पोर्तुगीज भाषा बोलावी, असे जे फर्मान १६८४ मध्ये व्हाइसरॉयने काढले, ते निघाले तेव्हा पेडणे-डिचोलीवर फिरंगी अंमल नव्हता. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये केला, तोही ह्याच डिचोली महालात. पुढे अंमल बदलला तरी देवळे, वहिवाटी आणि रीतिरिवाज राखण्याचे आश्वासन नव्या मुलखाला मिळाले होते. मोडी लिपी चालू राहिली, मराठी चालू राहिली, आणि त्यांच्या आश्रयाने शेणैमामही चालू राहिला.

त्याची शाळा म्हणजे एखाद्या सधन गृहस्थाची ओसरी किंवा देवळाची अग्रशाळा. धूळपाटीवर बोटाने अक्षरे काढावयाची, पावकी-निमकी-सवायकी-दिडकी घोकावयाची, तिन्हीसांजेला परवचा म्हणावयाचा. थोडे वळण लागले की मोडीचे कित्ते. फी म्हणून भात, नारळ, सणावारी धोतरजोडी. मास्तर बहुधा गावातच जेवावयाचा आणि त्याच्याकडे शिकविण्यावाचून इतर दहा कामे असावयाची: देवस्थानचा हिशेब लिहिणे, कोणाचे वाडीहून आलेले पत्र वाचून दाखविणे, जत्रेच्या नाटकातल्या पात्रांकडून भाषणे पाठ करून घेणे, भजनाला साथ धरणे. पेडण्याकडे दशावताराचा शौक सर्वांना विदित आहे. ज्याला चार ओव्या आणि चार श्लोक स्पष्ट म्हणता येत नाहीत असा मास्तर तिकडे टिकला नसता.

त्याची परीक्षा होत असे, पण ती मुलांच्या द्वारे. मुलगा खंडी-कुडवांचा हिशेब चुकतो की बरोबर करतो, हे बाप शेतावरच पाहत असे. परवचा मोठ्याने म्हणावयाचा असल्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही कळत असे की कोणाचे पोर कोठवर आले. मास्तर नालायक ठरला तर पुढच्या वर्षी त्याची ओसरी रिकामी. एवढीच त्याची सनद, आणि ती दर वर्षी नवी करून घ्यावी लागे.

ह्या चित्राला भुलून जाणारे लोक आहेत. आम्ही त्यांपैकी नाही. ज्या ओसरीवर ती शाळा भरे तेथे गावातल्या सर्वच मुलांना पाय ठेवण्याची मुभा नव्हती. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. कुळवाड्याच्या, गावड्याच्या, महाराच्या पोराला अक्षर शिकविण्याची गावाला गरज वाटत नव्हती, आणि गावाला वाटत नव्हती म्हणून मामालाही वाटत नव्हती. गावाची मान्यता हीच ज्याची सनद, तो गावाच्या खोडींच्या पलीकडे जाऊ शकत नाही. पुढे कागदाची सनद आली तेव्हा तिने पुष्कळ गोष्टी मोडल्या हे खरे, परंतु हे कुंपणही तिनेच मोडले.

कागदाची ती सनद प्रथम आली मुंबई इलाख्यातून. आमच्या पेडण्याचाच एक मुलगा तिच्या उदयकाळी तिकडे जाऊन पोहोचला होता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. मांद्रे गावी जन्मलेले रामकृष्ण विठ्ठल लाड, ज्यांना जग डॉ. भाऊ दाजी म्हणून ओळखते, ते वैद्य होण्यापूर्वी शिक्षक होते. एल्फिन्स्टन संस्थेत शिकले आणि तेथेच शिकवू लागले. काठेवाड आणि कच्छ प्रांतांतील बालहत्येवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले, आणि त्या बक्षिसाने त्यांचे नाव झाले. नंतर ग्रँट मेडिकल कॉलेज, आणि १८५१ मध्ये तेथील पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत स्थान. मांद्र्याच्या एखाद्या ओसरीवर बसून हे झाले नसते. परीक्षा, निबंध, बक्षीस, पदवी ही जी नवी शिडी मुंबईने उभी केली, तिच्यावर चढणाऱ्या पहिल्या माणसांत आमचा एक माणूस होता, आणि त्या शिडीची पहिली पायरी शिक्षकाची होती.

त्याच सुमारास, १८४५ मध्ये, बाळशास्त्री जांभेकरांकडे मुंबईच्या नॉर्मल वर्गाचे काम आले. मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करावयाचे, हा त्या वर्गाचा हेतू. शिकविणे ही स्वतंत्रपणे शिकावयाची विद्या आहे, हा विचार तेव्हा आमच्याकडे नवा होता. पुढे ट्रेनिंग कॉलेजे निघाली, व्हर्नाक्युलर फायनल आली, पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे 'ट्रेंड' मास्तर असा दर्जा ठरला, आणि दर्जाप्रमाणे पगार. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जे निवेदन केले, त्यात प्रमाणपत्र मिळविलेल्या शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी असू नये अशी स्पष्ट मागणी आहे. शिक्षकाचे प्रमाणपत्र आणि शिक्षकाचे पोट ह्यांचा संबंध त्यांनी जितका उघड बोलून दाखविला तितका पुढच्या अनेक समित्यांना दाखविता आला नाही.

तेरेखोल नदीच्या पलीकडे वाडी संस्थान. तिकडे, मालवण-वेंगुर्ल्याकडे किंवा बेळगावास शिकून आलेला माणूस नदी उतरून पेडण्यात मास्तरकी करू लागे, तेव्हा त्याच्या पेटीत मुंबई इलाख्याची क्रमिक पुस्तके असत. पुस्तके चालली. पण पेटीतले प्रमाणपत्र सरकारी नोकरीच्या दृष्टीने परक्या राज्याचा कागद होता. येथे मान पोर्तुगीज कागदाला. प्राथमिक शाळेची 'प्रिमैर ग्राव' आणि 'सेगुंद ग्राव' ह्या परीक्षा ज्याने दिल्या त्याला कचेरीत कोणी बसा म्हणे. आणि पणजीच्या 'इश्कोल नोर्माल'मधून जो शिक्षक होऊन बाहेर पडे, तो सरकारी प्रोफेसोर. बाळकृष्ण भगवंत बोरकर, आपले बाकीबाब, ह्यांनी पोर्तुगीज शिक्षक-पदविका घेतली होती आणि १९३० पासून सुमारे पंधरा वर्षे त्यांनी गोमंतकात शिक्षकाचा पेशा केला, हे त्यांच्या कवितेच्या चाहत्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. मराठी-कोकणीचा एवढा मोठा कवी, आणि त्याच्या पोटापाण्याची सनद पोर्तुगीज!

ह्यातली मौज, किंवा विटंबना म्हणा, थोडी उलगडून पाहिली पाहिजे. पेडण्याच्या किंवा साखळीच्या शाळेत बसणारे मूल घरी कोकणी बोलणारे. मास्तर त्याला शिकविणार मराठी. आणि मास्तराची लायकी सरकार ठरविणार पोर्तुगीजमध्ये. मूल, पाठ आणि प्रमाणपत्र ह्या तिघांच्या तीन भाषा. कुन्य रिव्हार ह्या पोर्तुगीज विद्वानाने १८५८ मध्ये कोकणी भाषेवरचा आपला ऐतिहासिक निबंध लिहून, लोकांच्या भाषेची हेळसांड कशी झाली हे स्वजनांनाच सुनावले होते. पण निबंधाने प्रमाणपत्राची भाषा बदलत नाही. डिचोलीत १८७७ मध्ये जन्मलेले वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, म्हणजे शणै गोंयबाब, ह्यांनी पुढे मुंबईत बसून कोकणीसाठी जो आयुष्यभर लढा दिला, त्याचे मूळ शोधणाराने त्यांच्या डिचोलीतल्या लहानपणातल्या ह्या त्रिभाषिक गोंधळाकडे अवश्य पाहावे. त्यांचे मराठीविषयीचे मत आमच्या सर्वच वाचकांना रुचेल असे नाही. मात्र ज्या नावाने ते ओळखले जातात त्या नावात तोच जुना 'शणै' आहे, आणि आम्हाला ते नाव शिक्षकाचेच वाटते.

१९१० च्या ऑक्टोबरात पोर्तुगालात राजसत्ता गेली, प्रजासत्ताक आले, आणि पाठोपाठ धर्मसत्ता व राजसत्ता विभक्त झाल्या. गोव्यातील हिंदू समाजाने त्या संधीचा पहिला उपयोग शाळा काढण्याकडे केला, ही आमच्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट. काही बीजे आधीच पडली होती: पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ ची, घरोघरी मूठ-मूठ तांदूळ गोळा करून उभी राहिलेली. १९११ मध्ये फोंड्याला दादा वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यालय काढले आणि त्याला प्रजासत्ताकाचे पुढारी आल्मैद ह्यांचे नाव दिले. लक्ष्मणराव सरदेसाईंसारखा कथाकार त्या विद्यालयात शिकवीत असे. दादा वैद्य हे व्यवसायाने वैद्य. त्यांच्याजवळ शिक्षणशास्त्राची पदवी नव्हती. आज फोंड्याच्या फर्मागुडी पठारावर शिक्षकांना पदवी देणारे जे महाविद्यालय उभे आहे, त्याला त्यांचेच नाव आहे.

पेडणे-डिचोलीत ह्या चळवळीचे रूप लहान, पण दाट होते. मोठी विद्यालये मोजकीच; बाकी सारी गावोगावची मराठी शाळा, आणि तिचा एकटा मास्तर. देवस्थानचे महाजन तिच्या पाठीशी असत, तथापि देवस्थानेही आता मोकळी राहिली नव्हती. १८८६ च्या महाजनी नियमांपासून, आणि १९३३ च्या नव्या नियमांनी अधिकच, त्यांच्या जमाखर्चावर सरकारी प्रशासकाची देखरेख आली होती. मास्तराला द्यावयाची मूठभर रक्कम देवाच्या खर्चात बसवावयाची की वर्गणीत, हा प्रश्न महाजनांच्या सभेत केवढा वाद उत्पन्न करू शकतो, हे ज्यांनी अशा सभा पाहिल्या आहेत त्यांस सांगावयास नको. सालाझारच्या राजवटीत, १९३० च्या वसाहत कायद्यानंतर, हवा आणखी कोंदट झाली.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, आणि १९६३ च्या डिसेंबरात पेडण्याचे सुपुत्र दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. भाऊसाहेबांच्या राजकारणाविषयी, विशेषतः विलीनीकरणाविषयी, आमच्या वाचकांत दोन तट आहेत आणि ते राहतील. पण गावोगाव प्राथमिक शाळा काढण्याचा जो झपाटा त्यांच्या राजवटीने लावला, त्याबद्दल दोन मते नाहीत. जेथे पायवाटेने जावे लागे अशा वाड्यांवर मराठी शाळा उघडल्या. इमारत नसेल तर देवळाचा सभामंडप, तोही नसेल तर कोणाची ओटी. इमारत ही लहान अडचण होती. मोठी अडचण होती मास्तराची. एवढ्या शाळांना पुरतील इतके पदविकाधारी मराठी शिक्षक गोव्यात नव्हतेच, कारण त्यांना पदविका देणारे कोणी नव्हते. मग मराठी फायनल झालेले, मॅट्रिक झालेले, कधी मॅट्रिक नापासही, असे तरुण नेमले गेले; सीमेपलीकडूनही शिक्षक आले. नोकरीवर असतानाच त्यांना प्रशिक्षणास पाठवावयाचे आणि परत आणावयाचे, असा उलटा क्रम चालला. आधी मास्तर, मग सनद.

ह्या उलट्या क्रमाची चेष्टा करणारे सुशिक्षित तेव्हाही होते. आमचे मत निराळे आहे. तीन-चार वर्षे वर्ग सांभाळून मग जो प्रशिक्षणाला बसतो, त्याच्याजवळ प्रश्न असतात. फळ्याकडे पाठ आणि मुलांकडे तोंड कसे ठेवावे, हे पुस्तकातून शिकणारा एक आणि पहिली ते चौथी एकाच खोलीत बसवून शिकविलेला दुसरा, ह्यांच्यात प्रशिक्षणाचा लाभ कोणाला अधिक होईल? ह्या भरतीतूनच प्रथम शेतकऱ्या-कुळवाड्यांची मुले आणि मुली मोठ्या संख्येने शिक्षक झाली. शेणैमामाच्या ओसरीवर ज्यांच्या आजाला बसू दिले नसते, ती माणसे आता गावाची गुरुजी आणि बाई झाली. हा बदल कागदाच्या सनदेने घडविला. गावाच्या मर्जीवर सोडले असते तर आणखी दोन पिढ्या गेल्या असत्या.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते. पणजीला निर्मला शिक्षण महाविद्यालय १९६३ मध्ये सुरू झाले. ज्या कोठारी आयोगाचे (१९६४-६६) चिटणीसपण जयंत पांडुरंग नाईकांनी सांभाळले, त्याने शिक्षकाचा पगार, दर्जा आणि प्रशिक्षण ह्यांची सांगड घातली. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था देशभर निघाल्या. आमची पर्वरीला आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा कायदा १९९३ चा; शिक्षणहक्क कायदा २००९ चा, त्याच्या मागोमाग शिक्षक पात्रता परीक्षा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाने दर वर्षी निदान पन्नास तास स्वतःच्या व्यावसायिक वाढीसाठी द्यावेत अशी अपेक्षा केली, आणि मुख्याध्यापकांसाठी तेवढेच तास, त्यांत नेतृत्व आणि व्यवस्थापन हे विषय. शालेय नेतृत्वासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय शिक्षण नियोजन संस्थेत २०१२ पासून स्वतंत्र केंद्र आहे.

'नेतृत्व' हा शब्द ऐकून गावच्या निवृत्त गुरुजींना हसू येते. एकशिक्षकी शाळेत मुख्याध्यापक तोच, शिपाई तोच, तांदळाचा हिशेब ठेवणारा तोच, आणि जनगणनेला दारोदार हिंडणाराही तोच. त्याने नेतृत्व करावयाचे कोणाचे? तरीही ही अभ्यासक्रमाची कल्पना आम्ही टाकाऊ मानीत नाही. पालकांना शाळेत आणणे, दुसऱ्या शिक्षकाची चूक त्याला न दुखविता सांगणे, अधिकाऱ्यासमोर शाळेची बाजू मांडणे, ही कामे उपजत येतात असे मानून आपण पुष्कळ चांगल्या शिक्षकांना वाईट मुख्याध्यापक केले आहे. केवळ सेवाज्येष्ठतेने खुर्ची मिळते, तिच्यावर कसे बसावे हे कोणी सांगत नाही.

पुरस्कारांविषयी मात्र थोडे रोखठोक बोलले पाहिजे. शिक्षकांसाठी राष्ट्रीय पुरस्कार १९५८ पासून दिले जातात. १९६२ पासून पाच सप्टेंबर हा शिक्षकदिन झाला आणि समारंभ त्या दिवसाशी जोडला गेला. रौप्यपदक, प्रमाणपत्र आणि आता पन्नास हजार रुपये. २०१८ मध्ये पद्धत बदलली: पुरस्कारांची संख्या घटली आणि शिक्षकाने स्वतः अर्ज करावा असे ठरले. ह्यामागचा हेतू चांगला आहे. वशिल्याने शिफारस मिळविण्यापेक्षा आपले काम आपण मांडावे, हे अधिक स्वच्छ. पण ज्या शिक्षकाने तीस वर्षे एका वाडीवर मुले शिकविली आणि ज्याला स्वतःविषयी चार ओळी लिहिण्याची लाज वाटते, त्याचे काय? त्याच्यासाठी कोणी तरी दुसऱ्याने बोलावयास हवे. पूर्वी ते काम गाव करीत असे. आमच्या देवस्थानांत दर वर्षी दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव होतो, शाल-श्रीफळ होते, छायाचित्रे निघतात. त्या मुलांना पहिलीत अक्षर गिरविण्यास शिकविणारी बाई सभामंडपाच्या शेवटच्या रांगेत बसलेली असते, आणि तिचे नाव कोणी घेत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सरकारी अनुदान मराठी-कोकणी प्राथमिक शाळांनाच मिळावे, असा निर्णय शिक्षणमंत्री म्हणून शशिकला काकोडकर ह्यांनी १९९० मध्ये घेतला होता. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदानाचे दार उघडले. आज पेडणे आणि डिचोलीच्या कित्येक सरकारी मराठी शाळांत मुले बोटांवर मोजता येतील एवढीच आहेत. काही बंद झाल्या, काही शेजारच्या शाळेत विलीन झाल्या. शिक्षक मात्र आता पूर्ण सनदी आहेत: पदविका आहे, पात्रता परीक्षा आहे, पन्नास तास आहेत. १९६३ मध्ये मुले होती, सनदी मास्तर नव्हता. आता सनदी मास्तर आहे आणि मूल पिवळ्या बसमध्ये बसून दुसरीकडे गेले आहे. मोप्याच्या पठारावर विमाने उतरू लागली, त्याच महालातली ही स्थिती. दोष शिक्षकाचा आहे असे म्हणणे सोपे. पण ज्या गावाने आपल्या मास्तराचे काम जोखण्याचे सोडून दिले, त्याला त्याच्या चांगुलपणाचाही पत्ता लागत नाही. शेजारच्या खोलीत उत्तम शिक्षक बसला आहे, हे आम्हाला ठाऊकच नसते. त्याचे प्रमाणपत्र आम्ही कधी पाहिले नाही आणि परवचाही ऐकला नाही.

ह्या विषयाचा शोध घेताना आम्हाला जाणवलेली उणीव ही, की पेडणे-डिचोलीच्या जुन्या शिक्षकांची नावेच कोठे एकत्र नाहीत. सनदी शिक्षकांची नावे सरकारदरबारी सापडतील. बिनसनदी मामांची सापडतील ती फक्त देवस्थानांच्या मोडी वह्यांत, वर्गणीच्या यादीत, एखाद्या जुन्या नाटकाच्या हस्तलिखितावर, घरच्या माळ्यावरच्या रुमालात. वाळवीला मोडी वाचता येत नाही, पण ती खाता येते. पेडण्याची भगवती, मोरजेची मोरजाई, शिरगावची लइराई, डिचोलीची शांतादुर्गा, नार्व्याचा सप्तकोटेश्वर, साखळीचे दत्तमंदिर, अशा सर्व देवस्थानांच्या महाजनांस आमची विनंती आहे की, त्यांनी आपल्या दप्तरांत शाळेच्या किंवा मास्तराच्या नावे पडलेल्या खर्चाच्या नोंदी पाहाव्यात, आणि गाव, साल, मास्तराचे नाव व दिलेला शेर-पायली किंवा रुपये एवढा तपशील ह्या मासिकाकडे लिहून पाठवावा. मोडी वाचणारा माणूस गावात उरला नसेल तर पानांची छायाचित्रे पाठविली तरी चालतील. आलेल्या नोंदी आम्ही गावांच्या अनुक्रमाने छापू, आणि पुढे भर पडावी म्हणून प्रत्येक गावाखाली थोडी जागा कोरी ठेवू.